म्हशीच्या खडकावरची नाव

मु. शेरखडी, ता. वाळवा, जि. सातारा
५ मार्च १९४४

चि. सयाजी आकाराम आंबी यास इमाम सुताराचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून घाबरू नकोस, तुझी आई ठणठणीत आहे. तुझ्या बापाची नाव बांधणारा इमाम मिस्त्री तो मीच. पंचवीस वर्षं आपल्या दोन घरांत बोलणं नाही, पाण्याचा तांब्या नाही, आणि आता मीच लिहायला बसलोय याचं मलाही नवल वाटतं. तुझा पत्ता पोस्टमास्तरांकडून घेतला. तुझ्या आईकडे, अंबूवैनींकडे, गेलो असतो तर त्यांनी दार लावून घेतलं असतं.

सांगायचं ते असं, की नाव वर आली आहे. यंदा कृष्णा एवढी आटली की म्हशीच्या खडकापाशी, डोहाच्या तोंडाला, तिचा काठ उघडा पडला. धुण्याला गेलेल्या बायकांना आधी मगर वाटली. त्या पिळे टाकून पळत आल्या, मग आम्ही काठ्या घेऊन गेलो. बघतो तर माझ्या हातचं सागवान. मी काठाला टिचकी मारून पाहिली. पंचवीस वर्षं गाळात राहून लाकूड खणखण वाजतं. हे मी चारचौघांत बोलून दाखवलं आणि तुलाही लिहितो.

तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, तुला ऐकीव तेवढंच ठाऊक. पलीकडच्या बाजारातून बावीस माणसं घेऊन तुझा बाप निघाला, मधेच पुराचं पाणी वाढलं, वाहत आलेल्या झाडाने सुकाणू मोडलं. नाव वाहत खडकापर्यंत गेली आणि तिथे बुडाली. बावीसच्या बावीस माणसं खडकावर छातीभर पाण्यात नावेचा काठ धरून उभी राहिली आणि वाचली. गेला तो एकटा आकाराम. नाव मागाहून खडकावरून पायथ्याच्या गाळात घसरली, ती आजवर दिसली नव्हती. पावसाचा मारा एवढा, की काय झालं ते कुणालाच धड दिसलं नाही. नावेतल्या हरणाबाई अजून सांगतात, "तीनदा आपाटली बगा खडकावर, मग पानी आलं." तुमचे लोक म्हणाले सुताराने कुजकं लाकूड घातलं. मी म्हणालो नावाड्याने खडकावर घातली. गावाने दोघांचंही खरं मानलं. तुमच्या घराला बुडव्यांचं घर म्हणायला लागले आणि माझ्याकडे नाव बांधायला पुन्हा कुणी आलं नाही. तेव्हापासून नांगर आणि दाराच्या चौकटी करतोय.

आता आपले गावचे नानासो पाटील म्हणतात, लढाईमुळे जळण मिळत नाही, ही नाव बैलांनी ओढून काढू आणि वीटभट्टीला घालू. पण नाव नावाड्याच्या घरची असते, त्या घरचा नारळ फुटल्याशिवाय ती हलवत नाहीत. म्हणून तुझा होकार हवा. हो की नाही एवढं कळव.

इकडच्या चळवळीचं काही लिहीत नाही, तुझे साहेब पत्र फोडतात म्हणे.

इमाम


फौजी टपाल, ठिकाण लिहायची मनाई
२९ मार्च १९४४

तीर्थस्वरूप इमामचाचा यांस सयाजीचा नमस्कार.

पत्र पोचलं, वाचून राग आला तो आधी लिहितो. लाकूड खणखण वाजतं म्हणजे सुतार निर्दोष, आणि सुतार निर्दोष म्हणजे माझा बाप दोषी, हेच कळवायला तुम्ही पंचवीस वर्षांनी लेखणी उचललीत ना? तुमची टिचकी मला इथवर ऐकू आली.

मी कुठे आहे ते लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की फौजेत आहे पण बंदुकीपेक्षा वल्हं जास्त हातात असतं. भरती करणाऱ्या बाबूने विचारलं, पाण्यावरचं काही येतं का? मी म्हणालो, दुसरं काहीच येत नाही. तेव्हापासून एका मोठ्या नदीवर सामानाचे पडाव, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या नावा, ओढणाऱ्या तुकडीत आहे. इथला काठ बघण्यासारखा आहे. मागच्या लढाईत टाकून दिलेले पडाव मैलच्या मैल गाळात रुतून पडलेत, कुणाचं नुसतं नाक वर, कुणाच्या पोटात बोरू उगवलेत. ते पाहिलं की मला आपला डोह आठवतो. माणसं नाव टाकून जातात आणि मग तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात.

आमच्या तुकडीत कोरेगावचा एक बाळासो आहे. मी पहिल्या दिवशी गाव सांगितलं तर म्हणाला, "शेरखडीचा आंबी? म्हंजी बुडव्यांचा काय रं?" समुद्र ओलांडून आलो तरी ते नाव माझ्याआधी येऊन बसलेलं. आईने ते आयुष्यभर नदीला जाता-येता ऐकलं. ती पंचवीस वर्षांत होडीत बसली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे का?

तेव्हा होकार नाही. नाव आहे तिथे राहू द्या. आणि तुम्ही सुतार आहात तर काठाला टिचकी मारून काय सांगता? आत उतरा. भोक कुठे आहे, कसलं आहे ते बघा आणि मग मला लिहा. बापाची चूक निघाली तर मी ती मान खाली घालून ऐकेन. पण बघितल्याशिवाय बोलू नका.

सयाजी आकाराम आंबी


शेरखडी
२१ एप्रिल १९४४

चि. सयाजीस आशीर्वाद. हा शब्द लिहायचा मला हक्क राहिला आहे की नाही, ते शेवटपर्यंत वाचून तूच ठरव.

तुझं पत्र वाचून मीही चिडलो होतो. काल शिंगरासारखा हुंदडणारा पोरगा मला सुतारकी शिकवतो, असं पोस्टमास्तरांना म्हणालोसुद्धा. पण शब्द लागला तो लागला. दुसऱ्या दिवशी धोतर खोचून नावेत उतरलो. आत अजून गुडघाभर गढूळ पाणी आणि त्याखाली गाळ. दिसत काही नव्हतं. पायाने चाचपडत गेलो आणि पाय भोकात गेला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट ऐक, ती आम्ही बाहेर बोलत नाही. प्रत्येक नावेत एक दुखरी जागा असते. कुठे फळी वीतभर कमी पडते, कुठे गाठ येते, कुठे जोड द्यावा लागतो. माझ्या नावेला दुखणं नाही असं म्हणणाऱ्या सुताराने नाव बांधलेलीच नसते. आमच्यात रीत अशी, की नाव पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी सुताराने नावाड्याला एकट्याला बोलवायचं आणि ती जागा त्याच्या कानात सांगायची. तिसऱ्या माणसाला सांगायची नाही, बायकोलाही नाही. मग नावाडी तेवढी जागा जपतो, तिथे ओझं ठेवत नाही, दर दसऱ्याला तिथे आधी डांबर भरतो.

तुझ्या बापाच्या नावेला मला सागवान हातभर कमी पडलं होतं. डाव्या अंगाला, मागून तिसऱ्या बरगडीखाली मी आंब्याच्या फळीचा जोड दिला. आकारामच्या कानात सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "इमाम, तू सांगितलंस न्हवं, मग झालं. आता ती जागा माजी."

सयाजी, भोक तिथेच आहे. डाव्या अंगाला, मागून तिसऱ्या बरगडीखाली. मी बरगड्या दोनदा मोजल्या. पुढे हात घालून बघायची हिंमत झाली नाही, बाहेर येऊन खडकावर बसून राहिलो.

माझा जोड फुटला. पंचवीस वर्षं हीच भीती माझ्या पोटात होती, आणि म्हणून मी सगळ्यात मोठ्याने ओरडत होतो की नावाड्याने घातली. मोठ्याने ओरडणाऱ्याचं खरं वाटतं ना लोकांना. तुझ्या बापाची काही चूक नव्हती. बुडव्या मी. हे मी चावडीवर सांगणार आहे, पण आधी तुला लिहितो.

आणखी एक केलं आहे, तेही लपवत नाही. तुझा नकार असताना मी पाटलांना जाऊन सांगितलं की न्या ती नाव आणि जाळा. मला ती डोळ्यांसमोर नको. पुढच्या आठवड्यात बैल जुंपणार आहेत.

माफी मागतो. द्यायची की नाही ते तुझ्यावर.

इमाम


फौजी टपाल
१४ मे १९४४

तीर्थस्वरूप इमामचाचा यांस सयाजीचा नमस्कार.

पत्र हातात पडलं तेव्हा नाव जळून गेली असेल की काय या विचाराने जेवण गेलं नाही. गेली असेल तर जे लिहितोय ते फुकट आहे. तरी लिहितो, आणि तुम्ही एका जागी बसून वाचा.

मागच्या महिन्यात इथे एक प्रकार झाला. नदीला वर कुठेतरी बर्फ वितळून मोठं पाणी आलं होतं. आमच्या पडावावर चाळीस माणसं होती. ओढणाऱ्या बोटीचा दोर तुटला आणि पडाव सुटला. खाली मोडक्या पुलाचे खांब, आणि पाणी असं की आपटला असता तर एकही वाचला नसता. आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, रसूलचाचा म्हणून रत्नागिरीकडचे आहेत, साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला हाताला धरून मागे नेलं, कुऱ्हाड घेतली आणि पडावाच्या तळाला घाव घालायला लागले. मला वाटलं म्हातारा भ्रमला. तेवढ्यात खाली वाळूचा उथळ पट्टा आला, पडाव भरला आणि जड होऊन तिथेच बसला. आम्ही चाळीस जण कमरेइतक्या पाण्यात उभे. नंतर मी विचारलं, चाचा, तुम्ही पडाव बुडवलात? ते म्हणाले, "बुडवला नाय रे, बसवला. हलका असता तर वरनं घसरून गेला असता. उथळ जागा आली की तिथंच फोडायचा आणि बसवायचा. पाण्यावरच्या माणसाला हे यायलाच हवं."

इमामचाचा, मला तेव्हा काहीच सुचलं नाही. तुमचं पत्र वाचल्यावर रात्रभर सुचत राहिलं. म्हशीच्या खडकावर पुरात किती पाणी असतं? छातीभर, तुम्हीच लिहिलंत. तेवढ्या पाण्यावरून हलकी नाव कशाला अडेल? ती वरून घसरून डोहात गेली असती, भोवऱ्यात, आणि बावीसपैकी एकही माणूस सापडला नसता. ती नेमकी खडकावरच कशी बसली?

आणि फुटायचीच होती तर वाटेत कुठेही फुटली असती. खडक येईपर्यंत थांबली आणि खडकावर फुटली. एवढी शहाणी फळी तुम्ही आंब्याची घातली होती का?

त्या नावेत नावाड्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती जागा ठाऊक होती? तुम्हीच लिहिलंत, नव्हती.

म्हणून भोकात हात घाला. लाकडाचे तंतू कुठल्या बाजूला वळलेत ते बघा. पाण्याने किंवा खडकाने फुटली असेल तर ते आत वळलेले असतील. बाहेर वळलेले असतील तर घाव आतून आहे. लाकूड वाचायला मला येत नाही, तुम्हाला येतं.

नाव असली तर.

सयाजी


शेरखडी
१३ जून १९४४

चि. सयाजीस आशीर्वाद, आणि या वेळी तो मी बिनधास्त लिहितो.

आधी बैलांचं सांगतो. पाटलांनी सहा जोड्या आणल्या, दोर बांधले, सगळा गाव काठावर. मी घरात बसून होतो. तेवढ्यात आरडाओरडा ऐकला म्हणून गेलो, तर तुझी आई. पंचवीस वर्षांत जी होडीत बसली नव्हती ती लुगडं खोचून, कमरेइतक्या पाण्यातून जाऊन नावेच्या काठावर बसलेली. पाटील म्हणाले, "अंबूबाई, इमाम मिस्त्रीनं होकार दिलाय." तर म्हणाली, "मिस्त्रीनं बांधली आसंल. नाव नावाड्याच्या घरची. आमच्या घरचा नारळ फुटल्याबिगर ती हालत न्हाई. माजं पोरगं लढाईवर हाय, त्याचं पत्र येऊंद्या." पाटलांनी खूप समजावलं. ती हलली नाही. शेवटी बैल ऊन लागून बसायला लागले तेव्हा पाटील परत गेले. नानासो मनाने वाईट नाहीत, पण बाईमाणसासमोर हरलेत हे त्यांना अजून पचलेलं नाही.

तुझं पत्र आलं आठ जूनला, आणि नदीला पाणी आलं सहाला. वरती घाटात पाऊस लागला होता. नाव पुन्हा बुडली होती, काठसुद्धा दिसत नव्हता. मी पत्र घेऊन तुझ्या दारात गेलो आणि बाहेर उभा राहून मोठ्याने वाचून दाखवलं. वैनी आत चुलीपुढे होत्या. वाचून झालं. मग त्या बाहेर आल्या, हातात तुझ्या बापाचं वल्हं. म्हणाल्या, "चला."

होडी कुठली गावात? तर पाटलांच्या गुऱ्हाळातली काहील आणली. पुरात आपल्याकडे काहिलीत बसून माणसं काढतात, ते तुला ठाऊक आहे, पण उसाचा रस कढवायच्या त्या लोखंडी काहिलीत पासष्ट वर्षांचा सुतार आणि नावाड्याची विधवा, हे गावाने प्रथमच पाहिलं. आणखी एक तुला सांगतो. मी जन्मभर नावा बांधल्या पण मला पोहता येत नाही. हे गावात फक्त आकारामला माहीत होतं. आता वैनींना कळलं, कारण काहील हलली तशी मी त्यांचा हात धरला. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, बूड टेकवून बसा. मी हाय."

भावजी म्हणाल्या, सयाजी. पंचवीस वर्षांनी.

वैनींनी काहील खडकाला लावली आणि वल्ह्यावर धरून ठेवली. त्या पाण्यात काहील धरून ठेवणं म्हणजे काय ते तुला कळेल. माझ्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक त्यांनी आपल्या कमरेला बांधलं. मी नावेत उतरलो तर पाणी गळ्यापर्यंत. नाक धरून खाली वाकलो, बरगड्या हाताने मोजल्या. पहिली, दुसरी, तिसरी. भोकात हात घातला.

तंतू बाहेर वळलेले आहेत.

सगळे बाहेर, एकही आत नाही. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा गेलो. बरगडीच्या आतल्या अंगाला बोटं फिरवली तर घावांच्या खाचा. एक, दोन, तीन. कुऱ्हाडीच्या, सरळ, एकाखाली एक, चुकलेला एकही नाही. तो हात मी ओळखतो. हरणाबाईने तीन दणके ऐकले ते खरं होतं, फक्त ते खडकाचे नव्हते.

आंब्याचा माझा जोड भोकाच्या कडेपर्यंत अजून घट्ट आहे. खिळा हललेला नाही. त्याने बरोबर मधे घाव घातला, सागवानाला धक्का न लावता, कारण सागवान फुटायला वेळ लागला असता आणि खडक निघून गेला असता. मी सांगितलेली जागा त्याने त्या पावसात, त्या पाण्यात लक्षात ठेवली होती. मी त्याला ती जपायला सांगितली होती. त्याने ती बावीस माणसांसाठी खर्च केली. मग नाव धारेने फिरून खडकावरून सुटू नये म्हणून तिची मागची बाजू धरून ठेवायला कुणीतरी खडकाच्या बाहेर, खोल पाण्यात राहायला हवं होतं. तो राहिला.

मी वर आलो आणि वैनींना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मला ठावं हुतं. फकस्त कुनाला सांगायचं ते कळत न्हवतं." रडलो मी, आणि काहिलीत बसून रडणं बरं दिसत नाही म्हणून तोंड धुतल्यासारखं केलं.

त्याच दिवशी चावडीवर गेलो. आधी माझं सांगितलं, पंचवीस वर्षं कशी बोंब मारली ते. मग त्याचं. बावीसपैकी नऊ जण गावात हयात आहेत. हरणाबाई उठल्या आणि तुमच्या घराकडे निघाल्या. मग बाकीचे आठ. त्यांच्यामागे त्यांची पोरं, नातवंडं. मी मोजली. तुमच्या अंगणात त्या दिवशी एकसष्ट माणसं उभी होती, आणि तुझा बाप नसता तर त्यांतला प्रत्येक जण एकतर जन्मालाच आला नसता, बुडाला असता किंवा पोरका झाला असता. नानासो पाटीलही त्यांत होते. त्यांची आई नावेत होती हे मी विसरलोच होतो.

इमाम


फौजी टपाल
१० जुलै १९४४

तीर्थस्वरूप इमामचाचा यांस सयाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र रसूलचाचांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मग विचारलं, "तीन घावात?" म्हटलं, हो. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "मला सात लागले." त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही.

कोरेगावच्या बाळासोलाही वाचून दाखवलं. संध्याकाळी नवा एक जण आला, त्याने माझं गाव विचारलं, तर मी बोलायच्या आधी बाळासोच म्हणाला, "शेरखडीचा आंबी हाय त्यो. आकाराम नावाड्याचा. गप ऐक, सांगतो तुला." आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली, तीन घावांसकट. काहिलीचं मात्र त्याने उगाच वाढवून सांगितलं.

चाचा, मला बाप आठवत नाही. त्याचा चेहरा नाही, आवाज नाही. माझ्याकडे त्याचं काहीच नव्हतं. आता आहे. तुमच्या बोटांना लागलेल्या त्या तीन खाचा आहेत, आणि मला वाटतं तेवढं एका माणसाला पुरतं. माफीचं मनातून काढून टाका. तुमच्या जोडामुळेच तो तीन घावांत ते करू शकला.

मला नाईकाची पट्टी मिळाली आहे आणि एका पडावाचं सुकाणू माझ्या हातात दिलं आहे. सुट्टी पुढच्या वर्षी मिळेल. त्या फळ्या खणखणीत आहेत असं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. त्या वेळी राग आला होता. आता विचारतो, त्यांच्यातून नवी नाव होईल का? नारळ आईने फोडावा. माझा होकार आहे.

सयाजी


शेरखडी
९ डिसेंबर १९४४

चि. सयाजीस आशीर्वाद.

पाणी उतरलं तसे दसऱ्यानंतर पाटलांनी आपण होऊन बैल पाठवले. नारळ वैनींनी फोडला. नाव गाळातून सुटताना एवढ्या मोठ्याने कण्हली की काठावरची माणसं मागे सरली. ती माझ्या दारात उलटी घातली तेव्हापासून दिवसभर कुणी ना कुणी येऊन त्या तीन खाचांवर बोट फिरवून जातं. ती बरगडी मी नव्या नावेत तशीच बसवली आहे. रंधा मारला नाही.

पलीकडच्या दोन गावांनी नावा सांगितल्या आहेत. मी म्हटलं थांबा, आधी घरची. गावाने तरीचं, म्हणजे माणसं नदीपार न्यायचं, काम पुन्हा आंबी घराण्याकडे द्यायचं ठरवलं आहे, आणि तू फौज सोडून कायमचा येईपर्यंत वल्हं कुणाकडे द्यायचं असा प्रश्न निघाला तर वैनी म्हणाल्या, "का, मी मेले न्हाई अजून." वल्हं त्यांच्याकडेच राहिलं. काहिलीचं सगळ्यांनी पाहिलं आहे.

सागवान या वेळीही कमी पडलं. हातभर नाही, वीतभरच. पाटील म्हणाले कराडहून मागवू, पण मी नको म्हटलं. जोड दिला आहे, चांगला घट्ट, माझ्या हातून याहून चांगला जोड पुन्हा होणार नाही.

तो कुठे दिला आहे ते इथे लिहीत नाही. तुझे साहेब पत्र फोडतात, आणि ती गोष्ट तिसऱ्या माणसाने ऐकायची नसते. वैनींनाही सांगितलेली नाही, त्यांनी विचारलीही नाही. नाव पाण्यात सोडायची ती तुझ्यासाठी थांबली आहे. सुट्टी मिळाली की थेट माझ्या दारात ये, आईला नंतर भेट. कान पुढे कर.

इमाम सुतार
आकारामची नाव बांधणारा